मुंबईचे टँक गेले कुठे?

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग बोलू.

धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी. बसच्या पाट्यांवर ही नावं रोज दिसतात, पण पाणी कुठंय? म्हणून एका रविवारी सकाळी चर्चगेट ते बाणगंगा चालत गेलो.

सुरुवात क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरच्या भिखा बेहराम विहिरीपासून. १७२५ सालची! समुद्र एवढा जवळ, तरी पाणी गोडं. पारशी लोक तिला पवित्र मानतात, आत फक्त त्यांनाच जाता येतं. आपण बाहेरून बघायची.

मग मेट्रो सिनेमाचा चौक, म्हणजेच धोबी तलाव. हा तलाव फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी पदरचे पैसे घालून दुरुस्त केला होता. आता तिथे सिग्नल आहे आणि हॉर्न. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. तिथेही फक्त नाव उरलंय. गोवालिया टँकवर गुरं पाण्याला यायची. आज ते ऑगस्ट क्रांती मैदान, १९४२ च्या 'चले जाव'वालं. पोरं क्रिकेट खेळत होती, मीही दहा मिनिटं बघत बसलो.

हे सगळं बुजवलं का? १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, त्यामुळे तळ्यांची गरज कमी झाली. पुढे मलेरिया. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालाने विहिरी-टाक्यांतल्या डासांकडे बोट दाखवलं आणि झाकाझाकी, बुजवाबुजवी जोरात सुरू झाली. माणसं तापाने मरत होती, त्यामुळे तो निर्णय मला मूर्खपणाचा वाटत नाही. पण आज आपली सगळी भिस्त भातसा, वैतरणासारख्या लांबच्या धरणांवर आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअपच डिलीट केला.

आणि गंमत बघा. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतो ना, तो बऱ्याचदा मुंबईतल्याच विहिरींवर भरलेला असतो. एप्रिल २०२५ चा टँकरवाल्यांचा संप आठवतोय? तो त्याच विहिरींच्या परवानग्यांवरून होता. म्हणजे जमिनीखालचं पाणी आहेच, फक्त आता ते विकत मिळतं.

बाणगंगेला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्यांवर बसलो. समोर बदकं, आणि भरलेलं तळं.

तुमच्या एरियात असं पाण्याचं नाव असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढचा रूट त्यावरूनच ठरवू.