बोटीवर सोय नाही

(कोकणातील महिला गटांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभर इथे आरोग्यावर, पाण्यावर, जमिनीच्या हक्कावर चर्चा झाली. त्यात समुद्राच्या तळावर बोलायला ही बाई कशाला आली, असं काहीजणींना वाटत असेल. निमंत्रण आलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मी भूशास्त्र शिकले आणि आयुष्यभर ते शिकवलं. संघटनेत आले ती फार उशिरा. पण माझं शास्त्र आणि आपले प्रश्न एका वाक्यापाशी येऊन भेटतात. "बोटीवर बायकांची सोय नाही," हे ते वाक्य.

आधी थोडं शास्त्र. किनाऱ्यावर उभं राहिलं की जमीन इथे संपली असं वाटतं. ती संपत नाही. पाण्याखाली हलक्या उताराने ती पुढे जात राहते. शाळेच्या पुस्तकात तिला समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, केरळकडे बरीच अरुंद होते. पुढे तळ झपाट्याने खाली उतरतो, तो खंडान्त उतार. हा सगळा पट्टा म्हणजे खंडाची कड. आपली पश्चिमेची कड जमीन फाटून तयार झाली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर वेगळं झालं, नंतर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सेशेल्सचा तुकडा निघाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण त्याच सुमाराचा. १९७४ साली बॉम्बे हायला तेल सापडलं ते ह्याच बुडालेल्या जमिनीत.

हे कळतं कसं? बोटीवरून आवाज सोडायचा आणि तळावर आपटून तो परत येईपर्यंत वेळ मोजायचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला तर खोली ३००० मीटर. शाळेतलं गणित आहे. अट एकच, बोटीवर असायला हवं.

ही कड शांत दिसते, पण तिच्यावर गाळाचे ढीग साठलेले असतात. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या बाजूला, न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला भूकंप झाला. समुद्रातल्या १२ तारायंत्राच्या तारा तुटल्या. काही लगेच तुटल्या, बाकीच्या एकामागून एक, उताराच्या क्रमाने, शेवटची सुमारे १३ तासांनी. किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांत लाट घुसली आणि २८ माणसं गेली. तिथली जमिनीवरची तार आधीच वादळाने तुटलेली होती, त्यामुळे तीन दिवस बाहेर कुणाला पत्ता नव्हता. तारा क्रमाने का तुटल्या याचा उलगडा व्हायला १९५२ साल उजाडलं. ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग यांनी दाखवलं की उतारावरचा गाळ घसरला, पाण्यात मिसळला आणि त्याचा लोंढा प्रचंड वेगाने खोल समुद्राकडे धावत गेला.

त्याच हीझनबरोबर मेरी थार्प नावाची बाई काम करत होती. भूशास्त्र आणि गणित, दोन्हींची पदवी असलेली. १९४८ साली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कामाला लागली. त्या काळी तिथल्या संशोधन बोटींवर बायकांना घेत नसत. हीझन बोटीवर जाई, खोलीचे आकडे आणी, आणि मेरी ते टेबलावर मांडून तळाचे नकाशे काढी. अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग होती. तिच्या माथ्यावर सलग दरी आहे, म्हणजे तळ तिथे फाटतो आहे, असं मेरीच्या लक्षात आलं. ही बायकी बडबड आहे, असं म्हणून हीझनने ते उडवून लावलं. पुढे समुद्रातल्या तारा कुठे टाकाव्यात यासाठी भूकंपांच्या जागा नकाशावर मांडायचं काम शेजारच्या टेबलावर चाललं होतं. ते करणारा हॉवर्ड फॉस्टर कर्णबधिर होता. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तेव्हा भूकंप नेमके मेरीच्या दरीत पडले. १९५९ साली हीझन, थार्प आणि यूइंग या तिघांच्या नावाने उत्तर अटलांटिकच्या तळावरचं पुस्तक निघालं. खंडाची कड, खोल खोरं आणि मधली डोंगररांग असे तळाचे तीन भाग त्यात नीट मांडले. पण त्या वर्षांतल्या इतर अनेक निबंधांवर मेरीचं नाव नव्हतं. तिला बोटीवर जायला मिळालं ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

"बघा, बोटीशिवायही तिने केवढं काम केलं!" असं कौतुक मी पुष्कळदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. जो बोटीवर जातो तो ठरवतो कुठे मोजायचं. आकडे त्याचे होतात, मग शोधही त्याचा होतो.

हे मला अनुभवाने कळलं. १९८१ साली एका सर्वेक्षणाच्या फेरीसाठी मी अर्ज केला. उत्तर आलं, सोय नाही. सोय म्हणजे काय, तर एक वेगळी खोली आणि कडी असलेला संडास. माझ्याहून कनिष्ठ असलेला मुलगा गेला, तळाचा गाळ घेऊन आला. त्या गाळातले बारीक शंख मी आठ महिने सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. निबंधावर त्याचं नाव आलं, माझं शेवटच्या आभारात. मी गप्प बसले. माझी आजी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दहा-दहा मैल चालायची. पण आमच्या वाडीत बाईने होडीत पाय ठेवायचा नाही असा दंडक होता, आणि तो तिने कधी विचारला नाही. मीही नाही विचारला.

दोनच वर्षांनी, १९८३ च्या डिसेंबरात, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. बातमी वाचून आनंद झाला, आणि रडूही आलं. म्हणजे सोय होऊ शकत होती!

आता जे सांगायचं ते अवघड आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी माझी एक विद्यार्थिनी अशाच फेरीचा अर्ज घेऊन आली. मी तिला म्हणाले, "बाई गं, प्रयोगशाळेतलं काम घे, तिथे सोय नसते." ती म्हणाली, "मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं? चौकशी केलीत?" मी केली नव्हती. मला ऐकवलेलं वाक्य मी जसंच्या तसं तिच्या हातात ठेवलं होतं. तिने पत्र लिहिलं. दोघीजणी गेल्या. एका केबिनला आतून कडी बसवली, एवढंच करावं लागलं.

आज मुली बोटींवर जातात. तरी हे वाक्य गेलेलं नाही. रात्रपाळीला सोय नाही, मुक्कामाला सोय नाही, ग्रामसभा रात्री आहे म्हणून बायकांची सोय नाही. तेव्हा एक विनंती करते. आपापल्या गावी गेल्यावर हे वाक्य कुठे कुठे ऐकू येतं त्याची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, सोय म्हणजे नेमकं काय, आणि ती करायला खर्च किती. आणि यादीत एक रकाना स्वतःसाठी ठेवा. हे वाक्य आपण स्वतः कुणाला सांगितलं, तेही त्यात लिहा. माझ्या यादीत त्या मुलीचं नाव पहिलं आहे.