शेतातील भुंगेरे आणि सेंद्रिय शेतीची परीक्षा

सेंद्रिय शेतीत कीटकांची विविधता वाढते, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते कशाच्या आधारावर उभे आहे याची चौकशी क्वचितच होते. आणि ती करायची झाल्यास भुंगेऱ्यांइतका बोलका प्राणिगट दुसरा सापडणे कठीण आहे. ज्यांच्या पुढच्या पंखांचे टणक कवच बनून ते मागच्या नाजूक पंखांना झाकते, अशा या कीटकांच्या सुमारे ४ लाख जातींची आजवर नोंद झाली असून, पिकाची मुळे खाणारे, शेण कुजवणारे आणि मावा फस्त करणारे असे परस्परविरोधी स्वभावाचे भुंगेरे एकाच शेतात नांदत असतात. तुलनेसाठी अभ्यासकांनी मुख्यतः निवडले ते कॅराबिडी कुळातील, जमिनीवर धावणारे भुंगेरे; त्यांतील बहुतेक जाती शिकारी असून मावा, अळ्या आणि गोगलगायी खातात, तर काही जाती तणांचे बी वेचून खातात.

स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळील थेरविल येथे १९७८ साली सुरू झालेला दीर्घकालीन प्रयोग या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे, कारण तेथे सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती एकाच मातीत, पिकांचा फेरपालटही सारखाच ठेवून, शेजारी शेजारी राबवल्या गेल्या. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सेंद्रिय वाफ्यांतील पीक सरासरी २० टक्क्यांनी कमी असल्याचे, पण शिकारी भुंगेरे आणि कोळी यांचा वावर जवळजवळ दुप्पट असल्याचे दिसून आले, आणि काही दुर्मीळ जाती तर केवळ सेंद्रिय वाफ्यांतच आढळल्या.

येथे ‘वावर’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. भुंगेरे मोजण्यासाठी जमिनीत काठोकाठ पुरलेला पेला वापरतात, ज्यात चालता चालता भुंगेरा पडतो. त्यामुळे पेल्यात सापडणारी संख्या ही भुंगेरे किती आहेत आणि ते किती हिंडतात, या दोन्हींवर अवलंबून असते, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ तिला ‘क्रियाशील घनता’ म्हणतात. उपाशी भुंगेरा अधिक हिंडतो, तर दाट तणात त्याची चाल मंदावते; परिणामी तणविरहित शेतातील भरलेला पेला समृद्धीचा पुरावा ठरेलच असे नाही, आणि तणाने भरलेल्या सेंद्रिय शेतातील रिकामा पेलाही दारिद्र्याचा पुरावा ठरत नाही. आकड्यांचे उत्साहाने दाखले देताना ही मर्यादा बहुधा गाळली जाते, हे खेदकारक आहे.

यान बेंग्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सेंद्रिय शेतांत जातींची संख्या सरासरी सुमारे ३० टक्क्यांनी अधिक भरली. मात्र काही अभ्यासांत उलटाही परिणाम दिसला. त्याच वर्षी जर्मनीतील गव्हाच्या शेतांवरील एका अभ्यासात तर भुंगेऱ्यांच्या जातींची संख्या शेतीच्या पद्धतीने फारशी बदलली नाही, ती बदलली भोवतालच्या परिसरात गवताळ जमीन किती आहे यावरून. याचे कारण भुंगेऱ्याच्या जीवनक्रमात आहे: त्याची अळी मातीत वाढते, पुष्कळ जातींचे प्रौढ कडाक्याची थंडी शेताच्या कडेच्या गवतात काढतात, आणि नांगरट ही दोहोंच्या मुळावर येते. तणनाशक न वापरणारा शेतकरी तण काढण्यासाठी माती वारंवार ढवळतो, तेव्हा सेंद्रिय प्रमाणपत्र असूनही अळ्यांची हानी होते. प्रमाणपत्र काय वापरले नाही ते सांगते, भुंगेऱ्याला काय मिळाले ते सांगत नाही.

हे ओळखून इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शेतांच्या मधोमध मातीचा बुटका वरंबा घालून त्यावर झुपकेदार गवत वाढवण्याचा प्रयोग झाला, कारण कडेला थंडी काढलेले भुंगेरे वसंतात मावा वाढण्यापूर्वी विस्तीर्ण शेताच्या मध्यापर्यंत पोहोचत नसत. दुसऱ्याच हिवाळ्यात अशा वरंब्यांवर दर चौरस मीटरला हजाराहून अधिक शिकारी कीटक व कोळी आढळले, आणि हा उपाय रासायनिक शेती करणाऱ्यालाही सहज करता येण्याजोगा होता.

महाराष्ट्रात भुंगेरा म्हटले की उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला प्रथम हुमणी आठवते, आणि ते रास्तही आहे, कारण मुळे कुरतडणारी ही अळी उभे पीक वाळवते. वळवाच्या पावसानंतर कडुनिंब आणि बाभळीवर जमणारे तिचे प्रौढ भुंगेरे रात्री फांद्या हलवून गोळा करता येतात. मातीत मिसळलेले कीटकनाशक मात्र हुमणी आणि तिच्या शेजारी राहणारे शिकारी भुंगेरे यांत भेद करत नाही. इंग्लंडमध्ये जो गवताळ वरंबा मुद्दाम घालावा लागला, तो येथे बांधाच्या रूपाने आधीपासूनच आहे, आणि आज तोच दोन्ही बाजूंनी कोरला जातो, पेटवला जातो किंवा तणनाशकाने साफ केला जातो.