बर्फातली कॅराव्हॅन
ऑस्ट्रियात आल्प्सच्या कुशीत भर बर्फात कॅराव्हॅन लावून राहणारे हौशी लोक सिलिंडर घेतात तो प्रोपेनचा. ब्युटेन शून्य अंशाजवळच मान टाकतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे 42. हीटरचा धूर छतावरच्या नळीतून बाहेर जातो, म्हणून रात्री बर्फ पडला की आधी ती नळी मोकळी करायची. गार वारा येतो म्हणून जमिनीलगतचे झरोके बुजवणं म्हणजे निव्वळ आत्मघात. हवा कोंडली की साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास! स्वयंपाकाची शेगडी पेटवून ऊब घेणंही नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात आत येतं आणि गाद्यांखाली, कपाटांमागे ओल धरते. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. गॅस थोडा जास्त जळेल, जळू दे.