समुद्रातील नद्यांची मोजदाद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत समुद्रप्रवाहांचा विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आपले हे शहर समुद्रापासून दूर. परंतु हिंदी महासागराच्या पोटातील उष्णतेची आणि खारटपणाची नोंद जेथे जमा होते, ते भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ सालापासून हैदराबादेतच आहे. आणि आपल्या शेतांवर पडणारा पाऊस तर समुद्रावरूनच येतो. तेव्हा समुद्राचे बरेवाईट हे आपलेही बरेवाईट आहे.

प्रथम आकाराची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतो. समुद्रप्रवाह मोजण्याचे जे माप आहे, त्याला स्वेरड्रुप या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. दर सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी वाहिले म्हणजे एक स्वेरड्रुप. गंगा, ब्रह्मपुत्रा, ॲमेझॉन धरून जगातील साऱ्या नद्यांचे पाणी एकत्र केले, तरी ते एक-सव्वा स्वेरड्रुपच्या आसपासच भरते. उलट अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे जाणारा एकटा प्रवाह सुमारे ३२ स्वेरड्रुप पाणी नेतो. हाच पुढे गल्फ स्ट्रीम म्हणून ओळखला जातो.

या प्रवाहाचा पहिला छापील नकाशा बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६९ च्या सुमारास करवून घेतला. ते त्या वेळी अमेरिकन वसाहतींच्या टपालखात्याचे एक प्रमुख होते. इंग्लंडहून येणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा दोन-दोन आठवडे अधिक का लागतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी आपले नातलग टिमोथी फोल्जर या नँटकेटच्या कप्तानाला विचारले. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या खलाशांना हा प्रवाह पाठ होता, पण टपालाचे कप्तान त्यांचे ऐकेनात आणि प्रवाहाच्या तोंडावरच जहाज हाकीत. फ्रँकलिन यांनी फोल्जरकडून तो प्रवाह नकाशावर उतरवून घेतला. शास्त्राची सुरुवात पुष्कळदा अशीच कामकऱ्यांच्या अनुभवापासून होते.

परंतु हे झाले वरच्या पाण्याचे. अटलांटिक महासागरात वरचे ऊन पाणी उत्तरेकडे जाते, ग्रीनलंड-नॉर्वेकडील समुद्रात थंड होऊन जड होते, खाली बुडते आणि खोलातून पुन्हा दक्षिणेकडे परतते. जणू विहिरीवरचा रहाटच. हा खालचा परतीचा प्रवाह कोणी कसा पाहावा? १९५५ साली जॉन स्वॅलो या इंग्रज शास्त्रज्ञाने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अशी तरंगी बनविली की ती ठराविक खोलीवर अधांतरी राहत आणि आवाजाची खूण देत. हेन्री स्टोमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने गल्फ स्ट्रीमखाली उलटा प्रवाह असला पाहिजे असे गणिताने सांगितले होते. १९५७ साली स्वॅलोच्या तरंग्यांनी तो खरोखरच दाखविला. पुढे १९५९-६० मध्ये बर्म्युडाजवळ हीच तरंगी सोडली, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. खोल पाणी संथपणे एका दिशेने सरकत नव्हते. त्यात मोठमोठे भोवरे होते आणि त्यांचा वेग अपेक्षेच्या कितीतरी पट होता. म्हणजे एका दिवशी मोजलेला वेग हा प्रवाहाचा की भोवऱ्याचा, हेच सांगता येईना.

ही अडचण ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

१९६१ साली स्टोमेल यांनी अगदी साधा गणिती नमुना मांडला. एक पेटी ऊन व खाऱ्या पाण्याची, दुसरी थंड व गोड्या पाण्याची, आणि दोहोंना जोडणाऱ्या नळ्या. त्यातून असे निघाले की हा रहाट दोन रीतींनी स्थिर राहू शकतो: एक जोरात चालणारा, आणि दुसरा मंद, उलटा फिरणारा. उत्तरेकडे गोडे पाणी वाढत गेले, तर एका मर्यादेनंतर तो पहिल्या स्थितीतून दुसरीत जाऊ शकतो. आज ग्रीनलंडचे बर्फ वितळून गोडे पाणी नेमके तेथेच उतरत आहे. पेट्यांचे हे गणित आज साऱ्या जगाच्या चिंतेचा विषय झाले आहे, ते यामुळे.

मग रहाट मंदावतो आहे का? १९५७, १९८१, १९९२, १९९८ आणि २००४ या पाच साली जहाजांनी सुमारे २५ अक्षांशावर अटलांटिक ओलांडून मोजणी केली होती. २००५ साली या मोजण्या एकत्र मांडल्या गेल्या आणि आकडा सुमारे २३ वरून १५ स्वेरड्रुपपर्यंत, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने, घटलेला दिसला. वर्तमानपत्रांत मोठाच गवगवा झाला.

सुदैवाने २००४ सालच्या वसंत ऋतूपासूनच २६.५ उत्तर अक्षांशावर अखंड मोजणी सुरू झाली होती. तिचे नाव रॅपिड. समुद्राच्या तळाशी जड वजन, त्याला हजारो मीटर लांबीचा दोर, माथ्याशी तरंगी आणि दोरावर जागोजागी उष्णता व खारटपणा मोजणारी यंत्रे. असे दोर दोन्ही काठांशी आणि मधल्या डोंगररांगेपाशी उभे केले. सबंध महासागर यंत्रांनी भरावा लागत नाही, याचे कारण पृथ्वीचे परिवलन. पाणी उंचावरून सखलाकडे सरळ न जाता त्या उतारास आडवे वाहते. म्हणून दोन काठांवरच्या पाण्याची घनता कळली की मधल्या प्रवाहाचा हिशेब मांडता येतो. फ्लॉरिडापाशी तर टेलिफोनची जुनी समुद्री तारच उपयोगी पडली. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून खारे पाणी वाहिले की तारेत विजेचा किंचित दाब उत्पन्न होतो. १९८२ पासून तो मोजून प्रवाह काढला जाऊ लागला.

पहिल्याच वर्षीच्या नोंदींनी सर्वांना चकित केले. एका वर्षाच्या आत आकडा ४ पासून ३५ स्वेरड्रुपपर्यंत वरखाली झाला होता! म्हणजे जहाजांच्या पाच फेऱ्यांत दिसलेली घट ही वर्षभरातल्या चढउतारापेक्षा लहान होती. त्या पाच मोजण्या करणाऱ्यांची यात काही चूक नव्हती. पन्नास वर्षांच्या खातेवहीतली पाचच पाने हाती असतील, तर घराण्याची सांपत्तिक स्थिती कोणाला सांगता येईल?

याचा अर्थ काळजीचे कारण नाही, असा मात्र नव्हे. २००९-१० मध्ये हा प्रवाह सुमारे वर्षभर ३० टक्क्यांनी मंदावला. त्याच काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर समुद्राची पातळी दहा सेंटिमीटरांहून अधिक चढली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञमंडळाने २०२१ साली असा निष्कर्ष काढला की या शतकात हा रहाट मंदावणार, हे फार संभाव्य आहे. २१०० पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, असे मध्यम खात्रीने म्हणता येते. कोसळलाच तर उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल आणि आशियातील मोसमी पाऊस दुबळा होईल, असेही त्यांनी सांगितले. अटलांटिकचा प्रश्न मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या शेतकऱ्याच्या दारी येतो तो असा.

'मध्यम खात्री' का? संगणकावरील नमुने समुद्राचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात पाण्याच्या गतीचे व उष्णतेचे गणित सोडवितात. किर्क ब्रायन आणि स्युकुरो मानाबे यांनी १९६९ साली समुद्र व वातावरण प्रथम अशा रीतीने एकत्र जोडले. मानाबे यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चौकोन शंभर किलोमीटरचा असेल, तर त्याहून लहान भोवरे त्यात मावत नाहीत. त्यांचा परिणाम अंदाजाने धरावा लागतो. तो अंदाज बरोबर की चूक, हे ठरविणार प्रत्यक्ष मोजणीच. आणि मोजणीही तपासावी लागते. फ्लॉरिडाचा प्रवाह चाळीस वर्षांत घटला असे दिसत होते. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र हळूहळू बदलते, त्याची दुरुस्ती २०२४ साली त्या आकड्यांत केली, तेव्हा प्रवाह जवळजवळ स्थिर असल्याचे आढळले. जुन्या नोंदी जपलेल्या होत्या, म्हणूनच हे उमगले.

आपल्या हिंदी महासागरात तर नोंदीतील सातत्य अधिकच हवे. येथील प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा पालटतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचे पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जाते. १९६५ साली संपलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ साली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. ती गोव्यात दोना पावला येथे आहे. आर्गो नावाच्या जागतिक योजनेत सुमारे चार हजार तरंगी साऱ्या महासागरांत फिरत आहेत. हजार मीटर खोल वाहत राहावयाचे, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून मोजीत मोजीत वर यावयाचे आणि उपग्रहाला निरोप देऊन परत बुडावयाचे, असा त्यांचा क्रम. त्यांतली काही भारताने सोडलेली आहेत आणि हिंदी महासागरातील नोंदींचे विभागीय केंद्र या आपल्या हैदराबादेत आहे.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. समुद्रातील दोर वर्षा-दीड वर्षाने जहाज पाठवून वर काढावे लागतात, यंत्रे बदलावी लागतात, आणि त्यासाठी दर काही वर्षांनी नव्याने पैसा मंजूर व्हावा लागतो. नव्या शोधासाठी पैसा मिळतो. चालू असलेली मोजणी चालू ठेवण्यासाठी मिळविणे अवघड जाते. हे आपल्या विश्वस्तांना समजावून सांगण्याची गरज नाही. इमारतीच्या कोनशिलेला देणगीदार भेटतात. दरवर्षीच्या दिवाबत्तीला आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला भेटत नाहीत. तरी आपल्या संस्थेची वही पन्नास वर्षे कोरी राहिली नाही. समुद्राची वहीही कोरी राहू नये. त्यातले राहून गेलेले पान मागाहून कितीही पैसा ओतला तरी लिहिता येत नाही. आपल्या घरांतील मुलामुलींपैकी कोणी या कामाकडे वळले, तर ते नाव गाजविणारे नसेल. पण पुढच्या पिढ्यांना त्याचा आधार लाभेल.