पुढच्यास ठेच

काशीतील राजा घाट मराठी मनाला परका नाही. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो बांधविला आणि एके काळी तो त्यांच्याच नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात गंगा त्याच्या पायऱ्या गिळून टाकते. पाणी ओसरले म्हणजे मागे राहतो तो निसरडा गाळ. तो धुऊन निघेपर्यंत यात्रेकरू पाऊल चाचपीत उतरतात. धोका डोळ्यांना दिसत असतो, म्हणून पाऊल आपोआप सावध होते.

रुग्णालयातील फरशीची गोष्ट निराळी. ती स्वच्छ दिसते आणि तेथेच फसविते. चालताना टाच प्रथम टेकते; टाच आणि फरशी यांच्यामध्ये साबणाच्या पाण्याचा पातळ थर आला, की घर्षण कमी होऊन पाय पुढे निसटतो. पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उचललेले असते. म्हणून यंत्राची एखादी तारही ठेच लागण्यास पुरते. त्यातून परिचारिकेच्या हातात औषधांचा ट्रे, नजर रोग्याकडे आणि वेळ मध्यरात्रीची. तिने पायाखाली पाहावे तरी केव्हा?

ती पडली, की लोक तिला धांदरट म्हणतात. तीही ओशाळून उठते, मनगटाला पट्टी बांधते आणि कामाला लागते. नोंद होत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो; परंतु पुढच्याची ठेच लपविली, तर मागच्याने शहाणे व्हावे कसे?

शिवाय, कामातून आणि काम चालू असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने मान्य केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. पण हाड मोडल्याचे काही दिवसांनी कळले, तर ते कामावरच मोडले हे नोंदीवाचून दाखवावयाचे कसे?

उपाय फार खर्चाचे नाहीत. वाट एका वेळी अर्धीच पुसावी, म्हणजे चालावयास अर्धी कोरडी राहते. तारा भिंतीलगत न्याव्यात. जिन्यावर रात्री दिवा असावा. आणि एक वही ठेवावी: कोण चुकले हे न विचारता, कोठे, केव्हा व कशामुळे पडले एवढेच तीत लिहावे. एकाच वळणावरच्या तीन नोंदी जमल्या, की दोष पायाचा नसून जागेचा आहे हे कोणालाही उमगेल.

घाटावर पूर ओसरल्यावर गाळ धुतात. घसरणाऱ्याला बोल लावून पायऱ्या कोरड्या होत नाहीत, हे तेथे सर्वांना ठाऊक असते.