चार छिद्रांमागचं ऑपरेशन



सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कुठे करायचं?’ दुसरा, ‘खर्च किती येईल?’ या दोन्हींच्या आधीचा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो: काढायला हवं का? मी आज तिथूनच सुरुवात करतो.

पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या पित्ताशयात त्यातलं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतं. तिथे पित्त आटवून घट्ट केलं जातं आणि तेलातुपाचं जेवण आतड्यात पोचलं की पित्ताशय आकसून ते सोडून देतं. पित्तात कोलेस्टेरॉल फार झालं, किंवा पित्ताशय नीट रिकामं होईनासं झालं, की कण जमतात आणि त्यांचे खडे होतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वाढतं वय ही नेहमीची कारणं. आणखी एक कारण लोकांना सहसा ठाऊक नसतं. लग्नाआधी किंवा कुणाचं पाहून दोन-तीन महिन्यांत झपाट्यानं वजन उतरवलं, तरीही खडे होतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या रक्तपेशी लवकर फुटतात, म्हणून लहान वयातही काळे खडे सापडतात.

आता महत्त्वाचं. खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, त्रास कधीच नव्हता, अशा शंभर माणसांपैकी वर्षभरात त्रास सुरू होतो तो साधारण एक ते चार जणांना. म्हणून त्रास नसलेल्या खड्यांसाठी सहसा ऑपरेशन लागत नाही. याला अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरचा एक सेंटिमीटरहून मोठा किंवा वाढत जाणारा पॉलिप, भिंतीत चुना साचलेलं पित्ताशय, सिकल सेलसारखा आजार. यांतलं काही नसताना ‘आज ना उद्या त्रास होणारच, आत्ताच काढून टाका’ असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. ते घेतल्यानं कुठल्याही डॉक्टरचा अपमान होत नाही.

त्रास असेल तर मात्र चालढकल नको. खड्याचं दुखणं ओळखायला शिकण्यासारखं आहे. जेवण झाल्यावर, बऱ्याचदा रात्री, पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजवीकडे कळ उठते. ती पाठीत जाते, उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. मळमळतं, उलटी होते. अर्धा तास ते चार-पाच तास राहून ती पूर्ण थांबते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. आपल्या मरोळकरांची सीप्झमधली किंवा एमआयडीसीतली रात्रपाळी, अवेळी जेवण, वर वडापाव. त्यामुळे ‘पित्त झालंय’ म्हणून ॲसिडिटीची गोळी घ्यायची, हे वर्षानुवर्षं चालतं. कळ गोळीमुळे थांबली असं वाटतं. खरं तर पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा सरकलेला असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी अशा कळेत आधी ईसीजी काढून घ्यावा. हृदयविकाराच्या झटक्यातही याच जागी दुखू शकतं.

कळ सहा तासांनंतरही थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. पित्ताशयाला सूज आलेली असू शकते, खडा मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असू शकतो, किंवा त्यानं स्वादुपिंडाला सूज आणलेली असू शकते. यांतलं शेवटचं जिवावर बेतू शकतं. सुजेच्या बाबतीत पूर्वी ‘सूज उतरू द्या, दीड महिन्यानं या’ असं सांगत. आता प्रकृती सोसत असेल तर पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करणं श्रेयस्कर मानतात. वाट पाहताना पुन्हा झटका येतो आणि आतला भाग जास्तच चिकटतो.

मुतखडा भरपूर पाणी पिऊन पडतो, मग हा का पडत नाही, असं मला नेहमी विचारतात. मूत्रमार्ग वेगळा, पित्तमार्ग वेगळा. पित्ताशयातला खडा ‘पडला’ म्हणजे तो मुख्य नलिकेत आला, आणि तीच धोक्याची जागा. लिंबाचा रस आणि तेल पिऊन सकाळी हिरवे गोळे पडल्याचे फोटो लोक मोबाइलवर दाखवतात. असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत. तेल आणि लिंबूरस यांच्यापासून आतड्यातच तयार झालेला तो साबण असतो. पित्ताशयातले खडे जागच्या जागी असतात.

मग नुसते खडे काढून पित्ताशय ठेवता येणार नाही का? एकोणिसाव्या शतकात सर्जन तेच करत होते आणि खडे पुन्हा होत होते. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखनं मृतदेहांवर सराव करून १५ जुलै १८८२ रोजी सोळा वर्षं कळा सोसणाऱ्या एका ४३ वर्षांच्या माणसाचं अख्खं पित्ताशय काढलं. खडे जिथे घडतात ती जागाच काढायला हवी, हा त्याचा विचार आजही टिकून आहे. पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन बरगडीखाली मोठा छेद घेऊन होत राहिलं. १९८५ मध्ये जर्मनीतल्या एरिख म्यूहेनं दुर्बिणीतून ते केलं. त्याच्या देशातल्या सर्जनांनी आधी त्याची दखलही घेतली नाही.

आपल्या मुंबईचा वाटा इथे अभिमानानं सांगावासा आहे. डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात पोटाच्या दुर्बिणीचा वापर निदानासाठी करत होते. सीटी स्कॅन नसलेल्या त्या काळात पोट न उघडता आत पाहता येणं ही गरीब रुग्णांसाठी फार मोठी गोष्ट होती. ३१ मे १९९० रोजी त्यांनी भारतातलं दुर्बिणीचं पहिलं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेही जे. जे. मध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात. पुढे त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. हे तंत्र श्रीमंतांच्या आधी हातावर पोट असणाऱ्याच्या कामाचं आहे, कारण तो लवकर कामावर परततो, असं ते आग्रहानं मांडत. मला हा विचार त्यांच्या शस्त्रकौशल्याइतकाच मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. आधी रक्ततपासण्या होतात. त्यात यकृताच्या तपासण्या महत्त्वाच्या. मुख्य नलिकेत खडा असल्याची शंका आली तर एमआरसीपी हा स्कॅन करतात, आणि खडा असेल तर तो बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून आधी काढतात. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, काढे, आयुर्वेदिक चूर्ण, जे काही घेता ते सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. ती विचारली की लोक बायकोकडे किंवा सुनेकडे बघतात, आणि उत्तर खोटं येतं. ऑपरेशनआधी सहा-आठ तास जेवण नाही. पाणी कधीपर्यंत प्यायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, तेवढंच ऐका.

भूल पूर्ण असते. बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक आणि उजवीकडे दोन, अशी चार छिद्रं. प्रत्येक अर्धा ते एक सेंटिमीटरचं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. मग सर्जनचं सगळं लक्ष एका लहानशा त्रिकोणी जागेवर असतं. तिथे पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी असते, आणि अगदी जवळून मुख्य पित्तनलिका जाते. पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी आहेत हे स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही, हा या ऑपरेशनचा पहिला नियम. दिसल्यावर क्लिप लावून दोन्ही कापतात, पित्ताशय यकृतापासून सोडवतात आणि पिशवीत घालून छिद्रातून बाहेर काढतात. साधं असेल तर तासाभरात होतं.

मुख्य नलिकेला इजा होणं हा इथला सगळ्यात गंभीर धोका. हजारात तीन-चार रुग्णांना अशी इजा होते, पण झाली तर मोठं, अवघड ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. म्हणून सूज फार असेल, काही स्पष्ट दिसत नसेल, तर सर्जन पित्ताशयाचा थोडा भाग आतच ठेवतो किंवा दुर्बीण बाजूला ठेवून मोठा छेद घेतो. बाहेर आल्यावर त्याला ऐकावं लागतं, ‘दुर्बिणीनं करणार होता ना?’ मंडळी, कृपा करून असं बोलू नका. त्या क्षणी त्यानं तुमच्या माणसाचा जीव स्वतःच्या नावापेक्षा वर ठेवलेला असतो. संमतीपत्रावर सही करताना हाच प्रश्न आधी विचारा: कोणत्या परिस्थितीत पोट उघडाल? नीट उत्तर देणारा सर्जन निवडा.

शुद्धीवर आल्यावर बऱ्याच जणांचा उजवा खांदा दुखतो आणि घरचे घाबरतात. पोटात उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. चालायला लागलं की एक-दोन दिवसांत जातं. संध्याकाळपर्यंत पाणी, चहा, पेज सुरू होते, त्याच दिवशी उठवून चालवतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. कधी पोटात नळी ठेवली असेल तर एखाद-दोन दिवस जास्त.

घरी गेल्यावर कायमचं पथ्य नसतं. पित्त यकृतातून थेट आतड्यात येत राहतं. सुरुवातीला मऊ भात-वरण, भाकरी-भाजी, ताक. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू नेहमीचं जेवण. काहींना काही दिवस शौचाला पातळ होतं, थोड्यांना ते लांबतं. औषध आहे, सांगा. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, पोट फुगलं, ताप किंवा कावीळ आली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता परत या.

इथे मला जरा कळकळीनं बोलायचं आहे. बाहेरून चार पट्ट्या दिसतात, म्हणून घरातल्यांना वाटतं काहीच झालेलं नाही. बसून काम करणारा पुरुष आठवड्यानं ऑफिसला जातो, तोवर घरात त्याची सरबराई होते. बाई मात्र तिसऱ्या दिवशी पाण्याची बादली उचलते, कपडे पिळते, वर चौथ्या मजल्यावर सामान नेते. आत यकृताला चिकटलेला एक अवयव सोडवून काढलेला असतो आणि बेंबीपाशी टाके भरत असतात. तिथे हर्निया होऊ शकतो. चालायचं, हलकं काम करायचं, पण तीन-चार आठवडे जड उचलायचं नाही. हा नियम बाईला सांगून भागत नाही, म्हणून मी डिस्चार्जच्या वेळी नवऱ्याला आणि मुलांना आत बोलावतो.

खर्चाचं थोडक्यात. कारखान्यातल्या ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांनी दवाखान्यातून रेफर चिठ्ठी घ्यावी. कूपर आणि राजावाडी ही पालिकेची रुग्णालयं आपल्या आवाक्यात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे बसतं, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. मेडिक्लेममध्ये खड्यांसाठी बऱ्याचदा पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. पॉलिसी काढून ठेवा आणि तेवढं कलम वाचा.

काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं का, हे नक्की विचारा. क्वचित त्यात कर्करोगाची सुरुवात सापडते, आणि पुढचा सगळा इलाज त्या एका कागदावर ठरतो. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर टाके बरे झालेले असतात आणि तो घ्यायला कुणी येत नाही. आमच्याकडे असे पडून राहिलेले रिपोर्ट पाहून आम्ही फोन करतो, नंबर बदललेला असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. काहीजणांनी फाइली बरोबर आणलेल्या दिसतात. त्या इथे सगळ्यांसमोर उघडू नका. कार्यक्रम संपला की मी मागच्या बाकावर बसेन, तिथे एकेकाची पाहतो.