हिरोईन ते आई, फक्त सात वर्षांत: लीला चिटणीस

मागच्या शनिवारी मी घरी गेले होते, माळशिरसला. जेवणं झाली आणि आजी म्हणाली, "मोबाईलवर काहीतरी जुनं लाव की." मी 'झूला'मधला एक सीन लावला. 1941 चा सिनेमा, अशोककुमार हिरो. आजीनं चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "अगं, ही तर दिलीपकुमारची आय हाय! जत्रंतल्या तंबूत बघितलीया मी."

म्हटलं, आजी, इथं ती हिरोईन आहे. आजीला काही पटेना. "ही कधी तरणी होती व्हय?"

तर मंडळी, आजचा भाग त्या बाईंवर. लीला चिटणीस.

जन्म धारवाडचा, साधारण 1909 चा. धारवाड आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. घरी मराठी, वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लग्न लवकर झालं, चार मुलं झाली, पुढं नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पदवी हातात होती. शाळेत शिकवलं आणि नाटकात कामं केली.

नाटकात काम करणं तेव्हा साधं नव्हतं. मराठी रंगभूमीवर बाईची भूमिका पुरुषानं करायची, ही रीत तोपर्यंत जोरात होती. बालगंधर्व आठवा. 1933 साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' ही संस्था 'आंधळ्यांची शाळा' घेऊन आली. साधं बोलणं, घरातले प्रश्न, आणि बाईच्या भूमिकेत बाई. लीलाबाई याच संस्थेच्या नाटकांतून पुढं आल्या.

सिनेमात सुरुवात गर्दीतल्या बारीकसारीक कामांपासून. घर चालवायचं होतं ना! मग 1937 ला 'जंटलमन डाकू', त्यात पुरुषी कपड्यांतली डाकू. जाहिरात काय केली माहितीये? पडद्यावर आलेली महाराष्ट्रातली पहिली पदवीधर बाई! म्हणजे डिग्रीचंसुद्धा मार्केटिंग. आपण लिंक्डइनवर वेगळं काय करतो?

पुढं बॉम्बे टॉकीज. 'कंगन' 1939, 'बंधन' 1940, 'झूला' 1941. तिन्हींत अशोककुमार सोबत, तिन्ही गाजले. डोळ्यांनी बोलायला आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमार सांगायचे म्हणतात. 1941 मध्येच त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्याआधी तिथं परदेशी नट्याच असायच्या.

आता इथं जरा थांबा.

1948 ला 'शहीद' आला. त्यात लीलाबाई दिलीपकुमारची आई. 'झूला'नंतर फक्त सात वर्षं. वय चाळिशीच्या आत. आणि अशोककुमार? ते लीलाबाईंपेक्षा थोडेसेच लहान. 1949 ला 'महल'मध्ये ते हिरो होते, समोर सोळा वर्षांची मधुबाला.

मग आईचीच कामं. 'आवारा'त राज कपूरची, 'गंगा जमुना'त दिलीपकुमारची, 'गाइड'मध्ये देव आनंदची. आजीनं तंबूत बघितली ती हीच आई.

हे वाचताना मला माझ्या जुन्या टीममधली एक मैत्रीण आठवली. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, तर तिनं उभं केलेलं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं. तिला डॉक्युमेंटेशन दिलं. रागानं नाही हं, प्रेमानं. "आता तुला झेपायला हवं ना!" तिला झेपतंय की नाही, हे तिला कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा तेव्हा गप्प बसले, हे कबूल करते.

लीलाबाईंनी मिळालेली कामं केली, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. 1942 ला 'किसी से ना कहना'ची निर्मिती केली, 1955 ला 'आज की बात' दिग्दर्शित केला. सॉमरसेट मॉमच्या एका नाटकाचं रूपांतर केलं. आणि 1981 ला मराठीत आत्मचरित्र लिहिलं, 'चंदेरी दुनियेत'. लोकांनी कधी पदवीधर म्हटलं, कधी हिरोईन, कधी आई. स्वतःची गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच सांगितली. मला हे फार मोठं वाटतं.

शेवटी त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या. 2003 च्या जुलैमध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरी गावात गेल्या, एका नर्सिंग होममध्ये. धारवाड, मुंबई, डॅनबरी. एका आयुष्यात केवढं अंतर!

आपल्याच तालुक्यातल्या अकलूजची रिंकू राजगुरू 2016 ला 'सैराट'मध्ये आली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. अजून वीस वर्षांनी तिला कसली कामं मिळतील? हे थोडं आपण काय बघतो यावरही ठरणार आहे.

आणि त्या मैत्रिणीला मी रविवारी फोन केला. हीच गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "सोमवारी मॉड्यूल परत मागते." मागितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही एक करा. आज रात्री 'झूला'तला एखादा सीन बघा आणि लगेच 'गंगा जमुना'तला. घरात आजी असेल तर तिलाही बसवा शेजारी. ती काय म्हणाली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!